हाड जुळलं, तरी जिना का उतरता येत नाही?

प्रश्न: माझं वय ६८. जिन्याच्या शेवटच्या पायरीचा अंदाज चुकला आणि उजवा घोटा दोन्ही बाजूंनी मोडला. ऑपरेशन करून प्लेट आणि स्क्रू घातले. सहा आठवडे पाय टेकवायला मनाई होती. आता अकरा आठवडे झाले. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, ‘हाड जुळलंय, आता चाला.’ पण संध्याकाळी घोटा सुजतो. सकाळची पहिली दहा-बारा पावलं लाकडासारखी पडतात. जिना चढता येतो, पण उतरताना आडवं होऊन, कठडा धरून एकेक पायरी उतरावी लागते. घरच्यांना वाटतं मी व्यायामात कमी पडते. वय आड येतंय का? पुन्हा पूर्वीसारखं चालता येईल का?

उत्तर:

चालता येईल. पण अकरा आठवडे हा त्याचा निकाल लावायचा दिवस नव्हे. मी सव्वीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतेय, आणि या टप्प्यावर आलेला जवळजवळ प्रत्येक साठीपुढचा माणूस हेच विचारतो, याच काळजीच्या सुरात. कारण ‘हाड जुळलं’ हे वाक्य ऐकल्यावर आता सगळं संपलं असं वाटतं. डॉक्टर हाडाबद्दल बोललेले असतात, आपण ते पायाबद्दल समजतो.

तुलनेसाठी एक गोष्ट सांगते. ब्रिटनमध्ये घोटा मोडलेल्या, साठीपुढच्या ६२० लोकांचा मोठा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना पायाला नीट चिकटून बसणारं खास प्लास्टर घातलं. सहा महिन्यांनी चालणं, जिना, सूज, दुखणं असं सगळं मिळून १०० पैकी गुण दिले, तेव्हा दोन्ही गटांची सरासरी ६५ च्या आसपास आली. सहा महिन्यांनी, आणि तीही ६५. तेव्हा अडीच महिन्यांत तुमचे शंभर गुण झाले नाहीत म्हणून घरच्यांनी तुम्हाला आळशी ठरवण्याचं कारण नाही. बहुतेकांची मोठी प्रगती पहिल्या सहा महिन्यांत होते. संध्याकाळची सूज आणि जिन्याचा उतार यांना वर्षही लागू शकतं.

आता जिन्याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे. चढता येतं पण उतरता येत नाही, एवढं सांगितलंत की घोट्यात काय अडलंय ते मला बरंचसं कळतं.

घोट्याचा सांधा एखाद्या कोनाड्यासारखा असतो. नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, या दोघांची खालची टोकं म्हणजे कोनाड्याच्या दोन भिंती. बाहेरून हाताला लागणारे दोन उंचवटे ते हेच, आणि तुमचे हेच दोन्ही मोडले. या कोनाड्यात पावलाचं सगळ्यात वरचं हाड बसतं. त्या हाडाची गंमत अशी, की ते पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. पंजा खाली वाकलेला असताना कोनाड्यात अरुंद भाग असतो, सांधा सैल राहतो. पंजा नडगीकडे वर ओढला की रुंद भाग आत शिरतो आणि कोनाडा गच्च भरतो. मोडलेला घोटा आठवडेन् आठवडे हलवला नाही की सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, पोटरी आखूड होते, आणि सगळ्यात आधी जाते ती ही वर येण्याची हालचाल. परत येतानाही ती सगळ्यात शेवटी येते.

सपाट जमिनीवर चालायला पंजा साधारण १० अंश वर आला तरी भागतं. जिना उतरताना मात्र वरच्या पायरीवर राहिलेल्या पायाचा गुडघा पावलाच्या बराच पुढे जावा लागतो, आणि त्यासाठी घोट्याला २० अंश किंवा त्याहून जास्त वाकावं लागतं. तुमच्याकडे तेवढे अंश अजून नाहीत. म्हणून तुम्ही आडव्या होता. ती भित्रेपणाची खूण नाही, शरीराने काढलेला शहाणा मार्ग आहे. पण तोच मार्ग वर्षभर चालवला तर घोट्याला वाकायचं कारणच उरत नाही.

तेव्हा आधी मोजा. भिंतीसमोर उभं राहा, हाताने भिंतीचा आधार घ्या. दुखरा पाय पुढे, बोटं सरळ भिंतीकडे. टाच जमिनीवर पक्की ठेवून गुडघा भिंतीला लावायचा प्रयत्न करा. लागला तर पाऊल थोडं मागे घ्या आणि पुन्हा करा. टाच न उचलता गुडघा जेमतेम टेकतो त्या जागी अंगठा ते भिंत किती सेंटिमीटर आहेत ते पट्टीने मोजा. मग चांगल्या पायाचं माप घ्या. दोन्ही वहीत लिहा. इथे १ सेंटिमीटर म्हणजे घोट्याचे साधारण साडेतीन अंश. समजा चांगल्या पायाला ९ सेंटिमीटर येतात आणि दुखऱ्याला ३, तर तुमच्या जिन्याचं कोडं सुटलं. हे करताना पाऊल बाहेर वळवू नका आणि तळव्याची कमान आत कलंडू देऊ नका. शरीर फार हुशार असतं, घोटा वाकत नसला की पाऊल फिरवून तेच अंतर काढून दाखवतं.

मोजमाप हाच व्यायामही आहे. त्याच स्थितीत, थोडी ओढ जाणवेल इतपत ३० सेकंद थांबायचं, असं तीन-चार वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मग दुखरा पाय मागे घ्या: एकदा त्याचा गुडघा सरळ ठेवून पोटरी ताणायची, एकदा तोच गुडघा वाकवून, कारण पोटरीत दोन थर असतात आणि आतला थर गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही. ओढ पोटरीत लागली तर उत्तम. घोट्याच्या पुढच्या बाजूला काही अडकल्यासारखं टोचत असेल तर तिथे जोर करू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा. तो सांध्याचा अडसर असतो, ताणून जात नाही, हाताने सोडवावा लागतो. आणि कृपा करून कुणालाही ‘मोकळा करून देतो’ म्हणत घोटा जोराने फिरवू देऊ नका. अशा झटक्यांनंतर महिनाभर मागे गेलेले पाय मी पाहिलेत.

सकाळची लाकडी पावलंही यातच येतात. रात्रभर पंजा खाली झुकलेला राहतो, पोटरी त्या लांबीला रुळते. उठण्याआधी पलंगावरच पंजा वीस-तीस वेळा वर-खाली करा, घोट्याने हवेत गोल काढा, मग पाय खाली सोडा. काही दिवस घरातही किंचित उंच टाचेचे, मागून बंद असलेले बूट घाला. टाच जराशी उचललेली असली की घोट्याला कमी वाकावं लागतं आणि चाल सरळ पडते. हा तात्पुरता उपाय, भिंतीचं माप वाढलं की सोडून द्या.

सुजेबद्दल थोडक्यात, कारण तिची भीती जेवढी वाटते तेवढं तिचं वजन नसतं. पोटरी हा पायातल्या रक्ताचा पंप आहे, तो सध्या दुबळा आहे, म्हणून दिवसभरात पाणी खाली साचतं. सकाळी सूज उतरलेली असेल तर निश्चिंत राहा. दुपारी वीस मिनिटं आडवं होऊन पाय छातीपेक्षा वर ठेवा. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवणं म्हणजे छातीपेक्षा वर नव्हे, ही चूक निम्मे लोक करतात. वर ठेवलेल्या स्थितीत पंजा हलवत राहा.

याला अपवाद आहेत, ते मात्र पाठ करून ठेवा. एकाच पायाची पोटरी टणक, गरम आणि दुखरी झाली, रात्रीच्या झोपेनंतरही सूज हलली नाही, तर नीलेत रक्ताची गुठळी नाही ना हे त्याच दिवशी तपासून घ्यायचं. त्यासोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळ, वाट पाहायची नाही. टाक्यांच्या जागेतून पाणी किंवा पू, पसरत जाणारी लाली, ताप, हे सर्जनचं काम. आणि तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, पावलाचा रंग आणि ऊब दुसऱ्या पायापेक्षा वेगळी, घाम वेगळा, आणि दुखणं जखमेच्या मानाने भलतंच जास्त. यात दोष हाडाचा नसून नसांच्या तक्रारयंत्रणेचा असतो. लवकर ओळखलं तर बरं होण्याची शक्यता खूप चांगली. असा पाय ‘सहन करा, होईल’ म्हणून सोडायचा नसतो.

तुम्ही मधुमेहाचा उल्लेख केलेला नाही. असेल आणि तळव्यांना बधिरपणा असेल तर माझ्या या उत्तरातलं वजन टाकण्याबद्दलचं काहीही सर्जनला विचारल्याशिवाय करू नका. तिथे दुखत नाही याचा अर्थ बरं आहे असा होत नाही, आणि अशा पायाला नेहमीच्या जवळजवळ दुप्पट काळ जपावं लागतं.

वजनाचा विषय निघालाच आहे तर बोलते. सहा आठवडे पाय टेकवू न देणं ही जुनी, सावध पद्धत आहे. २०२४ साली ब्रिटनमधलाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी पाय टेकवू दिलेले लोक सहा आठवडे थांबलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. हे वाचून तुमच्या सर्जनवर रागावू नका. हाड किती ठिसूळ होतं, स्क्रूंनी पकड किती घेतली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ठिसूळ हाडात थांबणं योग्यच असू शकतं. पण उतारवयात त्या सहा आठवड्यांची किंमत मोजावी लागते. तरुण माणूस कुबड्यांवर उड्या मारत फिरतो, साठीपुढचा माणूस खुर्चीत बसतो. धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसतं बिछान्यात ठेवलं, तर पायांतले स्नायू जवळपास एक किलोने घटले, असं एका प्रयोगात दिसलं होतं. तुम्ही पूर्ण बिछान्यात नव्हता, पण दहाऐवजी बेचाळीस दिवस होता. आणि घटले ते फक्त उजव्या पायाचे नाहीत, दोन्ही पायांचे, खुब्यांचे, पाठीचेही.

आता तुम्ही उजव्या पायावर खरंच किती वजन टाकता? ‘पूर्ण टाकते’ असं सगळे म्हणतात. वजनाचे दोन काटे मिळाले तर शेजारी-शेजारी ठेवा, एकेकावर एकेक पाय ठेवून समोर बघत सहज उभ्या राहा आणि दुसऱ्याला आकडे वाचायला सांगा. एकच काटा असेल तर तेवढ्याच उंचीची फळी दुसऱ्या पायाखाली. साठ किलोच्या माणसाचे तीस-तीस यायला हवेत. माझ्याकडे अकरा-बारा आठवड्यांनी आलेल्यांचे चाळीस-वीस येतात आणि त्यांना धक्का बसतो. मनाने पाय केव्हाच टेकवलेला असतो, शरीराने नसतो. काट्याकडे बघत आकडा सारखा करायचा, डोळे उचलायचे, पुन्हा बघायचं, दिवसातून पाच मिनिटं. लंगडणं दुखण्यातून सुरू होतं, पण दुखणं गेल्यावर सवय म्हणून उरतं, आणि ही सवय मोडायला इतका स्वस्त दुसरा उपाय मला माहीत नाही.

काठी वापरत असाल तर डाव्या हातात धरा, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उंची अशी, की हात सरळ सोडला तर मूठ मनगटाच्या घडीला यावी. लोक काठी लवकर सोडण्याची घाई करतात. लंगडत बिनकाठीने चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चाललेलं केव्हाही बरं.

पोटरीकडे वळते, कारण खरी कमाई तिथे आहे. गुडघ्याच्या वाटीखाली दहा सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा, उजवी बारीक निघेल. चवड्यांवर उभं राहणं हा तिचा व्यायाम. आधी खुर्चीत बसून, गुडघ्यांवर काही जड ठेवून टाचा उचला. ते सोपं गेलं की भक्कम टेबल धरून दोन्ही पायांवर उभ्या राहून, दहाच्या दोन-तीन खेपा. मग वर जाताना दोन्ही पायांनी आणि खाली येताना वजन हळूहळू दुखऱ्या पायावर घेत, तीन मोजत टेकायचं. हा उतरण्याचा भागच महत्त्वाचा, कारण जिना उतरताना पोटरी नेमकं हेच करते, लगाम धरते. शेवटी एका पायावर. वयाच्या या टप्प्यावर एका पायावर पंचवीस वेळा टाच उचलता आली पाहिजे असा माझा आग्रह नसतो. चांगल्या पायाला जेवढं जमतं त्याच्या जवळपास दुखऱ्याला जमलं की पुरे. एक दिवसाआड करा, स्नायूला भरून यायला वेळ लागतो.

दुखलं तर? दहापैकी तीन-चारपर्यंत दुखणं व्यायामाच्या वेळी चालतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. काल सकाळपेक्षा आज जास्त सुजलंय किंवा जास्त ठणकतंय, तर कालचा डोस जास्त झाला, एक पायरी मागे या. तेवढंच किंवा कमी असेल तर पुढे चला. या नियमाने चालणाऱ्याला माझी फारशी गरज पडत नाही.

आणि हे मी उगाच नम्रपणे म्हणत नाही. प्लास्टर काढल्यावर थेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम केलेले आणि नीट समजावून सांगितल्यावर घरीच केलेले, अशा दोन गटांची तुलना ऑस्ट्रेलियात झाली होती, २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. सरासरीने फरक पडला नाही. माझ्या पोटावर पाय देणारा निष्कर्ष आहे, पण माझा अनुभवही तसाच आहे: सरळ जुळलेल्या घोट्याला रोज क्लिनिकमध्ये यायची गरज नसते. त्या अभ्यासातले लोक मात्र बरेचसे तुमच्यापेक्षा तरुण होते. तोल गेलेला, भीती बसलेली, दुसरा सांधाही दुखरा, घोट्यात पुढे टोचणारं काही, यातलं काही असेल तर सुरुवातीला चार-सहा वेळा तरी जाणकाराच्या नजरेखाली करा.

आता ज्या भागाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, त्याकडे. मी नवी होते तेव्हाची एक चूक सांगते. सत्तरीच्या एक बाई घोटा मोडून माझ्याकडे आल्या. मी त्यांचा घोटा इतका सुरेख वाकवून दिला की अंश मोजताना मलाच अभिमान वाटायचा. आठ महिन्यांनी त्या परत आल्या, मनगट मोडून. पुन्हा पडल्या होत्या. पहिल्यांदा का पडल्या होत्या हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला विचारते. शेवटच्या पायरीचा अंदाज का चुकला? उजेड कमी होता? हातात सामान होतं? चष्मा कुठला आहे? वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणारा चष्मा असेल तर जिना उतरताना तुम्ही नेमकं खालच्या भिंगातून पायरीकडे बघता, आणि ते भिंग वाचायच्या अंतरासाठी बनलेलं असतं. पायरीची कड धूसर होते, शेवटची पायरी जमिनीत मिसळून जाते. अशा चष्म्यांचा वृद्धांच्या पडण्याशी संबंध आहे हे अभ्यासांत दिसलंय. जिन्यासाठी आणि बाहेर फिरण्यासाठी फक्त लांबचा, एका नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या, आणि शेवटच्या पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी लावा. औषधंही डॉक्टरांना एकदा दाखवा. झोपेच्या गोळ्या आणि उठल्यावर रक्तदाब खाली आणणाऱ्या गोळ्या तोल घालवतात. स्वतःच्या मनाने काही बंद मात्र करू नका.

दुसरा प्रश्न हाडाचा. पन्नाशीनंतर नुसतं उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं तर हाडांची घनता तपासायला हवी. खुबा, मणका, मनगट ही ठिसूळपणाची ओळखीची ठिकाणं. घोट्याचं नाव त्या यादीत हटकून येत नाही, म्हणून ही तपासणी राहून जाते. तुमचा अपघात एका पायरीचा. घनतेची तपासणी झाली नसेल तर मागा, सोबत ड जीवनसत्त्वाची. घनतेच्या तपासणीतला टी-स्कोअर, म्हणजे तुमच्या हाडाची निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर हाडासाठी औषध लागतं, कॅल्शियमच्या गोळीने भागत नाही. प्रथिनं पोटात जायला हवीत. आजारातून सावरणाऱ्या वृद्धांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम सुचवतात, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. धूम्रपान करत असाल तर हाडाचा त्याहून वाईट शत्रू मला माहीत नाही.

तोलाचं काम घोट्याइतकंच मेंदूचं आहे. घोट्याच्या अस्थिबंधांत आणि सांध्याच्या आवरणात पाऊल कुठे आहे हे सांगणाऱ्या नसा असतात, त्याही या मोडतोडीत गोंधळतात. खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभ्या राहा, समोर खुर्ची ठेवा. मागे भिंती, पुढे खुर्ची, पडणार कुठे? तिथे आधी एका पावलापुढे दुसरं पाऊल चिकटवून, मग एका पायावर. दहा सेकंद जमले की मान डावी-उजवीकडे वळवत. डोळे मिटून करायचं तर दोन्ही पायांवरच. हे कंटाळवाणं आहे, कबूल. पण व्यायामाने वृद्धांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी घटतं हे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलेलं आहे, आणि त्यात तोलाचे आणि उठण्या-बसण्याचे व्यायाम पुढे आहेत. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठून बसायला १५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर घोट्याइतकंच मांड्यांकडेही लक्ष द्यायला हवं.

आणि हो, जमिनीवरून उठायची रंगीत तालीम करा. घरी कुणी असताना गादीवर बसा, कुशीवर वळा, चार पायांवर या, खुर्ची धरा, चांगला पाय पुढे ठेवून उठा. गुडघे तक्रार करणार असतील तर खाली उशी घ्या. पडलो तर उठता येईल एवढी खात्री आली की पडण्याची भीती निम्म्याने उतरते. भीती असली की माणूस पावलाकडे बघत आखूड पावलं टाकतो आणि अंग ताठ करतो, आणि तसा माणूस जास्त पडतो.

जिन्याचा सराव आता कसा करायचा ते सांगते. नेहमीच्या वापरात अजून तीन-चार आठवडे जुनाच नियम पाळा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एकेक पायरी, कठडा हातात. पण आडवं होऊ नका, तोंड समोर ठेवा. सराव वेगळा करायचा. साधारण दहा सेंटिमीटर उंचीच्या, न हलणाऱ्या पाटासारख्या कशावर तरी दुखरा पाय ठेवून उभ्या राहा, आधार धरा, आणि चांगल्या पायाची टाच हळू जमिनीला लावून परत वर या. दुखऱ्या पायाचा गुडघा बोटांच्या वर, सरळ पुढे गेला पाहिजे. आठ-दहा वेळा स्वच्छ जमलं की खऱ्या जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर तेच. मग खालच्या दोन पायऱ्या पाठोपाठ. तुम्ही जिथे पडलात तीच ही पायरी, म्हणून पहिल्या दिवशी छाती धडधडेल. सोबत कुणीतरी असू दे.

प्लेटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ती कायम आत राहिली तरी बिघडत नाही. बाहेरच्या घोट्यावर त्वचेखाली हाताला लागते, बूट घासला तर टोचते, थंडीत कुरकुरते. फारच त्रास झाला तर हाड पक्कं झाल्यावर, सहसा वर्षभराने, काढतात. गाडी चालवत असाल तर, उजवा पाय ब्रेकचा आहे: ब्रेक दाबण्याची चपळाई ऑपरेशननंतर साधारण नऊ आठवड्यांनी परत येते असं दिसलंय, पण तुमच्या घोट्याचा ताठरपणा पाहता आधी थांबलेल्या गाडीत जोराने, अचानक ब्रेक दाबून बघा आणि सर्जनची परवानगी घ्या.

घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या. ‘चला, चला’ म्हणण्यापेक्षा त्यांनी काट्यावरचा आकडा वाचून दाखवला तर जास्त उपयोग होईल.

चार आठवड्यांनी भिंतीचं माप, दोन काट्यांवरचं वजन आणि पाच वेळा उठून बसायला लागलेले सेकंद पुन्हा घ्या आणि मला कळवा. भिंतीचं माप दीड-दोन सेंटिमीटरने वाढलं असेल तर हेच चालू ठेवायचं. अर्धा सेंटिमीटरही हललं नसेल तर घोट्याच्या पुढे काहीतरी अडतंय, मग नवा एक्स-रे घेऊन सर्जनना भेटा.